मदत हवी आहे: जपानी भयपटांत आता पुढे काय पाहू?

नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र दर डिसेंबरात वर्षभरात पाहिलेल्यांपैकी आवडत्या दहा सिनेमांची यादी करतो, नवे-जुने सगळे चालतात. यंदा माझ्या पहिल्या दोन जागा दिग्दर्शक कियोशी कुरोसावांनीच घेतल्या आहेत: ‘क्युअर’ (१९९७) आणि ‘कैरो’ (२००१).

‘कैरो’तला एक प्रसंग डोक्यातून जातच नाही. खोलीच्या अंधाऱ्या टोकाकडून एक बाई संथ चालत येते, मध्येच तिचा तोल जातो, पाय लटपटतो, आणि ती सावरून पुन्हा पुढे येते. रक्ताचा थेंब नाही, तरी अंगावर सरसरून काटा आला. नाकातांचे ‘रिंगू’ आणि ‘डार्क वॉटर’ही पाहून झाले, दुसरा जास्त भिडला, त्यातल्या आई-मुलीमुळे. मिईकेंचा ‘ऑडिशन’ मात्र सोसला नाही.

आता मागे, साठच्या दशकात जायचंय. शिंदोंचा ‘ओनिबाबा’ आधी पाहू की कोबायाशींचा ‘क्वायदान’? ‘क्वायदान’ तीन तासांचा आहे. एका बैठकीत पाहावा की चार कथा चार रात्री? आणि २०१० नंतरचा, अशीच संथ भीती असलेला एखादा जपानी सिनेमा असेल तर तोही सांगा. ३१ तारखेच्या आत पाहायचाय.