गूगल साइट्सवर वर्गाची साइट केली आहे, पालकांना उघडत नाही. तातडीने मदत हवी आहे

मोगरावेल | शुक्रवार, रात्री ८:५२

नमस्कार मंडळी,
सातवीच्या वर्गासाठी गूगल साइट्सवर साइट बनवली आहे. माझ्याकडे सगळं व्यवस्थित दिसतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिंक टाकली, तर काहींना उघडते आणि बऱ्याच जणांना उघडत नाही. साइट प्रकाशित केलेली आहे, ते तपासून झालं. सोमवारी पालकसभा आहे, तिथे दाखवायची आहे. कोणाला माहीत असेल तर कृपया लवकर सांगा.

साधासरळ | रात्री ९:०४

उघडत नाही म्हणजे नेमकं काय होतं? कोरं पान दिसतं, गोल फिरत राहतं, लॉगिन मागतं, की परवानगी नाही असं येतं? प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. एखाद्या पालकाकडून स्क्रीनशॉट मागवा.

खडूफळा | रात्री ९:०९

मॅडम, ते सोडा आणि ब्लॉगरवर या. आमच्या जिल्हा परिषद शाळेचा ब्लॉग कित्येक वर्षं तिथेच चालू आहे. फोनवरून नोंद टाकता येते, पालक खाली प्रतिक्रिया देतात, आणि साध्या फोनवरही उघडतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी गुरुजींनी ब्लॉगरवर शैक्षणिक साहित्य जमा केलंय, ते उगाच नाही. गूगल साइट्समध्ये प्रतिक्रियांची सोयच नाही, आणि पानं बांधायची तर संगणकावरच बसावं लागतं. आमच्या शाळेतला संगणक तर वर्षातला निम्मा वेळ बंद असतो.

तंत्रवेडा | रात्री ९:१५

दोन्ही नको. सरळ एचटीएमएलची पानं करून गिटहब पेजेसवर टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत, १ जीबीपर्यंत साइट ठेवता येते, वर्गाला ती आयुष्यभर पुरेल. फायली आपल्या हातात राहतात. उद्या कंपनीने सेवा बंद केली तर? गूगलने जुनी साइट्स बंद करून सगळ्यांना नव्यात यायला लावलंच होतं.

मोगरावेल | रात्री ९:२८

@साधासरळ, स्क्रीनशॉट आला. जीमेलचं लॉगिन मागतं. एका पालकांनी लॉगिन केलं तर परवानगी मागा असं आलं.
@खडूफळा, @तंत्रवेडा, धन्यवाद, पण सोमवारच्या आत नवीन काही शिकून होणार नाही. बारा-तेरा पानं झाली आहेत. 'वनस्पती : रचना व कार्ये' हा धडा घेताना मुलांनी आपापल्या घराजवळची झाडं निवडली आणि प्रत्येकाने पानाचा फोटो, शिराविन्यास, खोड, मूळ असं लिहिलंय. जास्वंद, केळ, वड, शेवगा, कण्हेर. काहींनी आजी-आजोबांना विचारून त्या झाडाचे घरगुती उपयोग त्यांच्याच आवाजात नोंदवून आणलेत. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलांची पानं सर्वांत भरलेली आहेत. हे त्यांच्या आईवडिलांनी पाहायलाच हवं, म्हणून एवढी घाई आहे.

साधासरळ | रात्री ९:३३

कोणत्या अकाउंटवरून बनवली?

मोगरावेल | रात्री ९:३५

गूगलच्याच.

साधासरळ | रात्री ९:३६

ताई, ते कळलं. स्वतःचं साधं जीमेल, की शाळेने दिलेला आयडी? @ च्या पुढे काय आहे?

फळ्यावरचा सुविचार | रात्री ९:४१

स्पष्ट बोलतो, राग नसावा. पस्तीस वर्षं शिकवलं. सातवीच्या मुलांना साइट कशाला? गटावर पीडीएफ टाका, पालक पाहतील. निम्म्या घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. वर्गाच्या भिंतीवर तक्ते लावा, पालकसभेला पालक येणारच आहेत, समोर पाहतील.

खडूफळा | रात्री ९:५०

सर, गटावर टाकलेली पीडीएफ आठवड्याने कोण शोधणार? शंभर शुभेच्छांच्या खाली ती गाडली जाते. फोन बदलला की गेली. एका जागी राहिलं तर पुढच्या वर्षीच्या सातवीलाही उपयोग होतो.

फळ्यावरचा सुविचार | रात्री ९:५६

पुढच्या सातवीने स्वतःची पानं गोळा करावीत. तयार पाहून उतरवून काढतील.

मोगरावेल | रात्री १०:०२

@साधासरळ, शाळेने दिलेला आयडी. म्हणजे संस्थेचा. लॉकडाऊनच्या वेळी सगळ्या शिक्षकांना आणि मुलांना दिले होते. त्याने काही फरक पडतो का?

साधासरळ | रात्री १०:११

तिथेच गाठ आहे. शाळांना मिळणाऱ्या गूगल वर्कस्पेसमध्ये बाहेरच्यांना काय दिसावं हे संस्थेचा अ‍ॅडमिन ठरवतो. त्याने बाहेर दाखवणं बंद ठेवलं असेल, तर तुम्ही प्रकाशित केलेली साइट फक्त त्या संस्थेच्या आयडींनाच दिसते. मुलांचे आयडी असतात तिथे असं बंद ठेवण्यात गैर काही नाही, त्यांच्या सुरक्षिततेसाठीच ते करतात.

काहींना उघडते त्याचंही कारण बहुतेक हेच. ज्या घरच्या फोनमध्ये मुलाचा शाळेचा आयडी अजून लॉगिन आहे, त्यांना दिसते. बाकीच्यांना नाही. पालकांना विचारून पाहा.

आता दोन गोष्टी करा. साइट उघडून वर 'शेअर' दाबा. प्रकाशित साइट कोण पाहू शकतं तिथे 'सार्वजनिक' हा पर्याय येतो का, की फक्त संस्थेचं नाव येतं, ते सांगा. आणि यापुढे तपासताना लिंक गुप्त विंडोत उघडा, म्हणजे लॉगिन नसलेल्या पालकाला जे दिसतं तेच तुम्हाला दिसेल.

लिपीकार | रात्री १०:१५

मराठी मजकूर पालकांना कसा दिसतोय हेही तपासा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टंकलेलं थेट चिकटवलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. थीममध्ये मुक्ता हा फॉन्ट निवडा, मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, लहान पडद्यावर जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

मोगरावेल | रात्री १०:२४

@लिपीकार, मजकूर मुलांनी फोनवरच टंकला आहे, युनिकोडच आहे. फॉन्ट बदलून बघते.
@साधासरळ, बरोबर! फक्त संस्थेचं नाव येतं, सार्वजनिक असा पर्यायच नाही. आणि ज्यांना उघडली त्या तिघींशी बोलले, तिघींच्या फोनमध्ये मुलांचे शाळेचे आयडी आहेत. आता काय? अ‍ॅडमिन संस्थेच्या मुख्य कार्यालयात बसतात, शनिवार-रविवार भेटणार नाहीत. साइटची मालकी माझ्या स्वतःच्या जीमेलकडे देता येईल का?

साधासरळ | रात्री १०:३०

मालकी संस्थेबाहेरच्या खात्याकडे जात नाही. आणि बाहेर शेअर करणंच बंद असेल तर जीमेलवरून प्रत काढण्याचा मार्गही बंद. स्वतःच्या जीमेलवर नवीन साइट करा. एका टॅबमध्ये जुनी, दुसऱ्यात नवी, मजकूर निवडून चिकटवत जा. फोटो आणि आवाजाच्या फायली शाळेच्या ड्राइव्हवरून उतरवून आपल्या ड्राइव्हवर चढवा. बारा-तेरा पानं म्हणजे एका दुपारचं काम. साध्या खात्याला १५ जीबी जागा फुकट असते, पुरेल. गटावर आधी टाकलेली लिंक मात्र बाद होईल, नवी पाठवावी लागेल.

तंत्रवेडा | रात्री १०:३८

तेवढ्या वेळात गिटहबवर होईल. तिथे फोटो, पीडीएफ सगळं साइटच्याच आत राहतं, परवानगी हा विषयच उरत नाही.

खडूफळा | रात्री १०:४४

गिटहबच्या फुकट खात्यात साइटच्या फायलींचं ते भांडार सगळ्या जगाला उघडं ठेवावं लागतं ना? आणि आमच्या मॅडमची बदली झाली तर पुढच्या गुरुजींनी ते चालवायचं कसं? ब्लॉगर कोणालाही जमतो.

तंत्रवेडा | रात्री १०:४९

साइट सगळ्यांना दाखवायचीच आहे, मग भांडार उघडं राहिलं तर बिघडलं काय? आणि ब्लॉगरवर पीडीएफ थेट चढते का? नाही. ती ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा लागतो, म्हणजे परवानगीचा घोळ तिथेही तोच. पुढच्या गुरुजींना शिकवायचा मुद्दा मात्र मान्य, ते दोन दिवसांत होणारं नाही.

रविवारची शाळा | शनिवार, पहाटे ४:३५

इथे अमेरिकेत आम्ही रविवारी मराठी शाळा चालवतो, तिचीही गूगल साइटच आहे, म्हणून लिहिते. मोगरावेल, नवीन साइट सार्वजनिक केलीत तरी ड्राइव्हवरून आत घातलेल्या फायलींची परवानगी वेगळी असते. पान उघडेल, पण आवाजाच्या आणि पीडीएफच्या जागी पुन्हा परवानगी मागा असंच येईल. प्रत्येक फाइल बदलत बसू नका. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरलाच 'लिंक असलेले कोणीही, फक्त पाहू शकतात' असं द्या. संपादनाचा अधिकार चुकूनही देऊ नका. त्या फोल्डरमध्ये गुणपत्रकं, हजेरी असलं काही नाही ना, तेही बघून घ्या.

आमच्याकडे आजी-आजोबांचे आवाज ऐकायला मुलं फार उत्सुक असतात. तुमची साइट झाली की आमच्या वर्गाला दाखवता येईल का?

ठाण्याची पालक | सकाळी ७:२०

उपक्रम सुरेख आहे, पण आई म्हणून एक विचारते. साइटवर मुलांचे चेहरे, पूर्ण नावं, शाळेचं नाव आहे का? संस्थेतल्यांनाच दिसत होतं तोवर गोष्ट वेगळी होती. आता ते कोणालाही दिसणार आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक धरले आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पालकसभेतच लेखी संमती घ्या, आणि तोवर फक्त पहिलं नाव ठेवा. झाडाचा फोटो पुरेसा आहे, शेजारी मूल उभं असायची गरज नाही. आवाज आजीचा असला तरी आजीलाही विचारा.

फळ्यावरचा सुविचार | सकाळी ७:४५

ठाण्याच्या ताईंशी पूर्ण सहमत. हेच मला खटकत होतं, नीट मांडता आलं नाही. मात्र ते आजी-आजोबांच्या आवाजाचं वाचून रात्री विचार करत होतो. तक्त्यावर ते लावता येत नाही, हे खरं.

रानवाट | सकाळी ८:१०

थोडं अवांतर. मुलं पानं गोळा करतात तेव्हा गाजरगवताला हात लावू देऊ नका, कातडीला खाज आणि पुरळ येतं, काहींना दम्याचाही त्रास होतो. कण्हेर तुमच्या यादीत दिसली. तिचे सगळे भाग विषारी आहेत, पान तोडल्यावर हात धुवायला सांगा. त्या पानावर घरगुती उपयोग लिहिले असतील तर ते काढा किंवा ठळक इशारा द्या. साइट आता सगळे वाचणार, कोणी करून पाहायला नको.

मोगरावेल | सकाळी ९:३०

@रानवाट, खूप आभार. कण्हेरीच्या पानावर आजोबांनी लेप सांगितला होता. तो भाग काढते आणि विषारी असल्याची सूचना वरच टाकते.
@ठाण्याची पालक, चार फोटोंत मुलं आहेत, काढून टाकते. पूर्ण नावंही काढते. संमतीपत्र सोमवारी देते.
@रविवारची शाळा, संमती आली की नक्की.

दुपारपासून बसते. अजून एक प्रश्न राहिला. प्रत्येक पानाच्या शेवटी गूगल फॉर्मची छोटी चाचणी आहे. शाळेच्या आयडीवरचाच फॉर्म आहे. तो पण नव्याने करावा लागेल का?

साधासरळ | सकाळी ९:४८

हो. संस्थेच्या खात्यातल्या फॉर्मवर फक्त संस्थेतल्यांनी भरावा अशी मर्यादा असते, आणि तुमच्याकडे बाहेर शेअर करणंच बंद दिसतंय. नवीनच करा. पण एक बघा, चाचणीत फोटो किंवा फाइल चढवायचा प्रश्न आहे का?

मोगरावेल | सकाळी ९:५१

आहे. शेवटी पानाचं चित्र काढून त्याचा फोटो टाकायचा आहे.

साधासरळ | सकाळी ९:५६

मग तो प्रश्न काढा. फाइल चढवायचा प्रश्न असला की फॉर्म भरणाऱ्याला गूगल लॉगिन करावंच लागतं, तुमचं खातं कोणतंही असो. 'एकदाच उत्तर' हा पर्यायही बंद ठेवा, तोही लॉगिन मागतो. चित्रं वहीत काढून घ्या. बाकीचे प्रश्न बहुपर्यायी असतील तर गुण आपोआप मिळतात.

खडूफळा | सकाळी १०:१५

मॅडम, फोटो लहान करून टाका. फोनचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. एका पानावर दहा फोटो म्हणजे गावाकडच्या नेटवर ते पान उघडायलाच नको. प्रत्येकी दोन-तीनशे केबी पुरे होतात. पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून टाकली असतील तर तीही काढा, ई-बालभारतीचा दुवा द्या. पुस्तकातला भाग वापरायला मंडळाच्या संचालकांची लेखी परवानगी लागते, तसं पुस्तकातच छापलेलं असतं.

मोगरावेल | शनिवार, संध्याकाळी ७:४०

झाली! सगळी पानं हलवली. गुप्त विंडोत उघडते, शेजारच्या काकूंच्या फोनवर उघडली, आवाज ऐकू येतात, चाचणी लॉगिन न मागता भरता येते. कण्हेरीचं पान दुरुस्त केलं, मुलांचे फोटो काढले. फॉन्ट मुक्ता केला, खरंच छान दिसतो. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः साधासरळ आणि रविवारची शाळा यांचे.

संमती येईपर्यंत ती गूगलच्या शोधात येऊ नये असं काही करता येतं का? आणि ज्यांच्या घरी फोन नसतो त्यांच्यासाठी काय करावं?

साधासरळ | संध्याकाळी ७:५८

प्रकाशनाच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांनी ही साइट दाखवू नये अशी विनंती करायची चौकट असते, तिथे खूण करा. लिंक असलेल्यांना तरीही दिसेल, पण शोधून कोणी सहज येणार नाही.

फळ्यावरचा सुविचार | रात्री ८:२०

फोन नसलेल्यांसाठी सांगतो. प्रत्येक मुलाचं पान छापा आणि वर्गाच्या भिंतीवर लावा. कोपऱ्यात त्या पानाचा क्यूआर कोड छापा, क्रोममध्ये तो करता येतो असं नातीने आत्ता दाखवलं. सभेत एक-दोन शिक्षकांचे फोन ठेवा, ज्या आईला ऐकायचं असेल तिला तिथेच ऐकवा. पानं जाडसर कागदावर छापा, पातळ कागद दमट भिंतीवर टिकत नाही.

मोगरावेल | रात्री ८:३१

सर, हे उद्याच छापून घेते.