आठवड्याच्या स्वयंपाकाची एकत्र तयारी करून खर्च कमी करायचा आहे. अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

सुप्रभा_वाकड
नमस्कार. आम्ही दोघे वाकडला भाड्याच्या घरात राहतो आणि दोघेही हिंजवडीत नोकरी करतो. सकाळी आठला घर सोडले की परतायला रात्रीचे साडेआठ होतात. गेल्या महिन्याचा हिशेब मांडला, तेव्हा किराणा आणि भाजीवर ६,००० रुपये, तर बाहेरून मागवलेल्या जेवणावर ७,५०० रुपये गेल्याचे दिसले. त्यातही दर आठवड्याला सडलेली कोथिंबीर आणि लिबलिबीत झालेली काकडी टाकून द्यावी लागते, याचे फार वाईट वाटते. रविवारचे तीन तास देऊन आठवड्याची तयारी करावी आणि हा सगळा खर्च ८,००० रुपयांत बसवावा, असा विचार आहे. फ्रिज एका दाराचा, १८० लिटरचा आहे. डबे वगैरे घेण्यासाठी एकदाच १,५०० रुपये काढता येतील. काय शिजवून ठेवावे, काय नुसते निवडून-चिरून ठेवावे आणि कोणता पदार्थ किती दिवस टिकतो, हे कृपया सांगावे.

निळू_ठाणे
सुप्रभाताई, सर्वांत आधी फ्रिज बदला. आम्ही दोन वर्षांपूर्वी दोन दारांचा, तीनशे लिटरहून मोठा फ्रिज घेतला आणि तेव्हापासून आमच्याकडे भाजी वाया गेलेली नाही. १८० लिटरमध्ये दूध, दही आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्यावर आठवड्याचा स्वयंपाक ठेवायला जागाच उरत नाही. सोबत काचेच्या डब्यांचा चांगला संचही घ्या. एकदाच खर्च होईल, पण पुढची दहा वर्षे चिंता राहणार नाही.

सदाशिवपेठकर
माझे मत वेगळे आहे. आमच्या घरी आजही रोजची भाजी रोज आणली जाते. संध्याकाळी उशिरा मंडईत गेले तर विक्रेते उरलेला माल कमी भावात देतात, आणि दोन माणसांना लागते तरी किती? पावशेर भेंडी आणि एक जुडी मेथी पुरे. रविवारची भाजी गुरुवारी खाण्यात काय गोडी आहे, हे मला समजत नाही. कोथिंबीर मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, आठवडाभर हिरवीगार राहते.

पल्लवी_अन्नतंत्र
काका, साडेआठला घरी पोहोचणाऱ्या माणसाला मंडई गाठणे शक्य नाही. शिवाय छापील कागदाची शाई अन्नाला लागू नये म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, वर्तमानपत्राच्या वापराविरुद्ध इशारा दिलेला आहे. कोथिंबीर न धुता, मुळे कापून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. धुवायची ती वापरताना.

सुप्रभा, आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे आणि फ्रिजचे तापमान ५ अंशांच्या वर जाता कामा नये. डाळ किंवा उसळ कुकरमध्येच निवत ठेवली तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, म्हणून ती पसरट, उथळ डब्यांत काढावी. असे अन्न तीन, फार तर चार दिवस चांगले राहते. त्यामुळे रविवारी शिजवलेले बुधवारपर्यंत संपवावे आणि पुढच्या दिवसांचे फ्रीझरमध्ये ठेवावे. भाताच्या बाबतीत विशेष जपावे लागते. तांदळातील बॅसिलस सेरेयस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून भात रोज ताजा लावावा. कुकरला वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

रश्मी_मेलबर्न
आम्ही इथे गॅरेजमध्ये आडवा मोठा फ्रीझर ठेवला आहे आणि त्यात दीड-दोन महिन्यांचा स्वयंपाक मावतो. पोळ्या अर्ध्या भाजून, मधे कागद घालून ठेवते. थेट तव्यावर टाकल्या की ताज्यासारख्या फुगतात. मेथी, पालक, ओला नारळ, वाटण सगळे काही त्यात असते. माझ्या मैत्रिणी माझ्याकडे पाहून हे शिकल्या. तुम्हीही पोळ्यांपासूनच सुरुवात करा.

संजय_नाशिक
निळूभाऊंनी काचेचे डबे सुचवले आहेत, पण माझा अनुभव कटू आहे. फ्रीझरमधून काढलेला आमटीचा काचेचा डबा गरम पाण्यात ठेवला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आमटी तर गेलीच, ओटा निस्तरण्यात तासही गेला. तेव्हापासून आमच्याकडे फक्त स्टील आहे. भांड्यांच्या दुकानात वजनावर घेतलेले डबे स्वस्त पडतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. दुसरी गोष्ट विजेची. आमच्या भागात उन्हाळ्यात तीन-चार तास वीज जाते, आणि अशा वेळी फ्रीझरच्या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते.

निळू_ठाणे
डबा चांगल्या प्रतीचा असेल तर तो फुटत नाही. स्टीलमध्ये आत काय आहे ते दिसत नाही आणि मायक्रोवेव्हमध्येही चालत नाही. बाकी फ्रिज मोठा असेल तर वीज गेल्यावरही गारवा जास्त वेळ टिकतो, हे मी पुन्हा सांगतो.

गौरी_डोंबिवली
डब्यांचा वाद बाजूला ठेवून मी काय करते ते सांगते, कारण मीसुद्धा लोकलने ये-जा करते आणि माझाही फ्रिज लहानच आहे. मी आठवड्याचा स्वयंपाक करत नाही, स्वयंपाकाचा वेळखाऊ भाग तेवढा उरकून ठेवते. रविवारी चार-पाच कांदे उभे चिरून तेलावर चांगले तांबूस परतते, त्यात भाजलेले सुके खोबरे, लसूण आणि आले घालून अगदी कमी पाण्यात वाटते आणि ते वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. गोठले की वड्या काढून एका डब्यात भरते. ट्रे मोकळा होतो आणि डबा फ्रीझरच्या कोपऱ्यात बसतो. आमटीला एक वडी, उसळीला दोन. ओले खोबरे लवकर आंबते, म्हणून वाटणात सुकेच घालावे.

कडधान्यांतच खरी बचत आहे. शनिवारी रात्री मटकी भिजत घालावी, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी आणि सोमवारी सकाळी मोड आले की फ्रिजमध्ये ठेवावी. पाव किलो मटकी भिजून जवळपास दुप्पट भरते आणि दोघांना दोन वेळा सहज होते. पुढच्या आठवड्यात मूग, नंतर चवळी, असा फेर धरावा. फरसबी, गाजर, कोबी चिरून ठेवता येतात. वांगी आणि बटाटे चिरून ठेवू नयेत, काळे पडतात. पालेभाजी सोमवार-मंगळवारीच संपवावी, दुधी आणि लाल भोपळा शेवटी ठेवावा. ज्या दिवशी अंगात काहीच त्राण नसते, त्या दिवशी डाळीच्या पिठाचे पिठले पंधरा मिनिटांत होते. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी असली की बाहेरून मागवायची वेळ येत नाही. कणीक मात्र घरीच मळा आणि पोळ्या घरीच करा, पैसे तिथेच वाचतात.

सदाशिवपेठकर
पोळ्या घरीच कराव्यात, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र फ्रिजमधली कणीक काळी पडते आणि ती शरीराला बाधते.

पल्लवी_अन्नतंत्र
काका, कापलेले सफरचंद हवेने काळे पडते, तशीच कणीकही पडते. केवळ त्या रंगाने ती बाधत नाही. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर एक-दोन दिवस चालते. आंबूस वास आला तर टाकून द्यावी.

सुप्रभा_वाकड
सर्वांचे मनापासून आभार. आमचे ठरले ते सांगते. फ्रिज बदलणार नाही, कारण घरमालकांचा आहे आणि दोघांपुरता तो पुरतोही. स्टीलचे सहा पसरट डबे आणि दोन ट्रे १,५०० रुपयांच्या आत येतील. वाटण आणि मोडाची कडधान्ये गौरीताईंच्या पद्धतीने, उसळ-आमटी बुधवारपर्यंतची आणि भात रोज ताजा. पोळ्या मात्र आम्ही घरी करणार नाही आणि गोठवूनही ठेवणार नाही. आमच्या रस्त्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येताना रोज आठ पोळ्या घेणार आहोत. एक पोळी ९ रुपयांची, म्हणजे रोजचे ७२ आणि कामाच्या २२ दिवसांचे १,५८४ रुपये होतात. किराणा-भाजीचे ६,००० धरूनही आकडा ७,५८४ वर थांबतो.

गौरी_डोंबिवली
एक किलो कणकेच्या तीसेक पोळ्या होतात, तेव्हा तुम्ही पोळीमागे बरेच जास्त देणार आहात. निदान शनिवार-रविवारी तरी घरी करा.

सुप्रभा_वाकड
ताई, शनिवार-रविवारी करूच. पण रात्री नऊ वाजता पोळपाट काढायचा म्हटले की आमचा हात फोनकडे जातो, आणि त्या एका जेवणाचे साडेतीनशे रुपये होतात. त्यापुढे ७२ रुपये मला कमीच वाटतात.

पल्लवी_अन्नतंत्र
केंद्रातल्या पोळ्या बहुधा गरम असतानाच पिशवीत बांधून देतात आणि वाफेने त्यांना पाणी सुटते. सोबत सुती फडके घातलेला डबा न्या. सकाळच्या डब्यासाठी ठेवायच्या पोळ्या घरी आल्यावर पसरून पूर्ण निवू द्या आणि मगच झाकण लावा.