कोसला चाळिशीत वाचली आणि बापाचीच बाजू पटायला लागली... उशीर झाला का मला?

वारज्याची_वाचक
नमस्कार मंडळी. नोकरी, घर, पोरगा यात मधली बरीच वर्षं वाचन पार सुटलं होतं, आता परत लागलंय. डिसेंबरात फर्ग्युसनच्या ग्राउंडवर पुस्तक महोत्सव होता तिथून रणांगण, कोसला आणि रिंगाण या तीन कादंबऱ्या उचलल्या.

रणांगण एका बैठकीत संपवली. १९३९ ची कादंबरी आहे हे खरंच वाटत नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर नाझींच्या जाचाने देश सोडलेले ज्यू, आणि त्यात आपला चक्रधर नि ती हॅर्टा. ती बिचारी सगळं पणाला लावून बसलीय आणि हा आपला आधीच्या प्रेमभंगाचं कडू तोंड घेऊन फिरतोय, मला इतका राग आला ना त्याचा, पण पुस्तक काही खाली ठेववेना. शेवटाबद्दल नुसतं एवढंच म्हणते की रात्री झोप लागली नाही.

मग कोसला. कॉलेजात आमच्या ग्रुपमधले सगळे हिच्यावर फिदा होते, मीच तेवढी राहिले होते. सुरुवातीला जाम हसले, त्यातला कॉलेजला आलेला पांडुरंग मेसचा कारभार अंगावर घेऊन कसा गोत्यात येतो वगैरे. पण पुढे पुढे तो पांडुरंग पैसे उडवतोय, परीक्षेचं मातेरं करतोय आणि माझ्या डोक्यात आपलं हेच की अरे गावाकडे बाप राबतोय ना! माझा स्वतःचा मुलगा अकरावीत आहे त्यामुळे असेल. मनीचं, त्याच्या धाकट्या बहिणीचं, प्रकरण मात्र... तिथे पुस्तक बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. इतका वेळ टवाळी करणारा पोरगा एकदम असं काही बोलायला लागतो की आपल्याला कुठे बघावं कळत नाही.

तर प्रश्न असा की कोसला विशीतच वाचायची असते का? आणि रिंगाण सुरुवातीलाच अडकलंय, बोली जड जातेय, नेटाने पुढे जाऊ की सोडू?

टेकडीकर
ताई, उशीर वगैरे काही नाही. मी कॉलेजात वाचली तेव्हा मीच पांडुरंग होतो, होस्टेलवर निम्मी पोरं स्वतःला पांडुरंगच समजायची आणि उगाच उदास चेहरा करून फिरायची. परवा पुन्हा वाचली तर वडीलच जास्त दिसले. भालचंद्र नेमाड्यांनी लिहिली तेव्हा ते स्वतः पंचविशीतले, १९६३ साली आली, आणि त्या वयात बापाचं माणूसपण पण पानावर उतरवलंय हे मला आता कळतंय. म्हातारा व्यवहारी आहे, हेकट आहे, पण खोटा नाहीये. तुम्हाला त्याची बाजू पटली म्हणजे ती पुस्तकात आहेच की. डायरीचा भाग मात्र परत वाचा, घाईत वाचला की त्यातला विनोद निसटतो.

फक्त_वाचतो
रणांगण माझी पुढच्या नंबरला होती. 'झोप लागली नाही' म्हणजे काय समजायचं आम्ही? स्पॉइलर लिहायचं तरी वरती.

टेकडीकर
@फक्त_वाचतो अहो ऐंशीच्या वर वर्षं झाली त्या कादंबरीला, आता कसला स्पॉइलर 😄

पन्हाळ्याकडचा
रिंगाण सोडू नका हो ताई. लेखक कृष्णात खोत आमच्या भागातले, म्हणून सांगतोय असं समजा हवं तर, पण २०२३ चा साहित्य अकादमी उगाच नाही मिळाला. एक युक्ती सांगतो, मोठ्यानं वाचा. प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा हट्ट धरू नका, चार-पाच पानांत कानाला सवय होते. धरणापायी गाव उठलंय, एक म्हस मागं राहिलीय आणि देवाप्पा तिला आणायला परत जुन्या गावात जातो, तर ती आता रानटी झालीय, माणसाला जुमानंना. एवढीच गोष्ट. पण ती म्हस आणि तो माणूस समोरासमोर येतात तिथून पुस्तक सोडवत नाही बघा.

आणि तुम्ही वारज्यात म्हणजे खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर. पुणं पानशेत-वरसगाव धरणांचं पाणी पितं, त्या पाण्याखाली पण कुणाची तरी घरं नि शेतं गेलीत की. मुळशीला तर १९२१ मध्येच सेनापती बापट धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे होते. रविवारी चौपाटीवर कणीस खाताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्या पण आलं नव्हतं, रिंगाण वाचल्यावर यायला लागलं.

नाकासमोर_चालणारी
मी जरा उलटं बोलते. कोसला मी दोनदा सोडलीय आणि मला त्याचं काही वाटत नाही. मनी आणि आई सोडली तर बाई आहे कुठे त्यात? पोरांच्या होस्टेलचं जग आहे ते, मला तिथे बसायला जागाच सापडली नाही. आपल्याकडे एकदा पुस्तक थोर ठरलं की आवडलं नाही म्हणायची चोरी होते.

ताई तुम्ही स्मृतिचित्रे घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला, ही मागे राहिली, नातेवाईक एकीकडे, नवरा एकीकडे, कितीतरी वर्षांनी मग तिनेही धर्म बदलला तो स्वतःच्या बुद्धीने. एवढं सगळं भोगून बाई नवऱ्याच्या लहरीपणावर असं लिहितात की आपण खो खो हसतो आणि मग दोन मिनिटांनी लक्षात येतं की अरे, घरात त्या दिवशी खायला नव्हतं. रडगाणं कुठेच नाही. चक्रधर आणि पांडुरंग या दोघांच्या नंतर ही बाई भेटली की फार बरं वाटेल तुम्हाला.

वारज्याची_वाचक
सगळ्यांना थँक्यू! @पन्हाळ्याकडचा, काल रात्री मोठ्याने वाचायला घेतलं तर सासूबाई बाहेर आल्या, त्या गडहिंग्लजकडच्या, मला मध्येच थांबवून म्हणाल्या 'असं न्हाई म्हणत, आण हिकडं', आणि पुस्तक घेऊन स्वतःच वाचत बसल्या. आता ते माझ्या हातात कधी परत येईल माहीत नाही 😅 तोवर स्मृतिचित्रे आणते. दुकानात जाड आणि बारीक अशा दोन दिसल्या होत्या मागे, कुठली घेऊ?

नाकासमोर_चालणारी
जाडच घ्या. बारीक म्हणजे संक्षिप्त, तिच्यात बरंच काही गाळलंय. अप्पा बळवंत चौकात मिळेल, फक्त गाडी लांब लावा, तिथे पार्किंगची बोंब आहे.