मॅनेजमेंट-सर्व्हायव्हल गेम म्हणजे घरी आणलेलं ऑफिस? साफ असहमत

पायवाट
वस्ती वसवायची, अन्न-पाणी-माल सांभाळून माणसं जगवायची, अशा गेमबद्दल परवा 'सध्या काय खेळताय' या धाग्यात बिनसाखर यांनी लिहिलं, "या गेममध्ये खेळ कुठे आहे? दिवसभर एक्सेल भरायचं आणि रात्री स्वतःच्या पैशाने पुन्हा एक्सेलच भरायचं. मोठे गेम करायची ऐपत नसलेले दोन-चार जण बारकी चित्रं काढून हे विकतात, आणि लोक त्याला ग्रेट म्हणतात." तिथे दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकं इतकं तापलं की वेगळा धागाच काढतोय.

ऑफिसात घोळ झाला की तो कुठून सुरू झाला हे कुणाला कळत नाही, आणि कळलं तरी कुणी बोलत नाही. या गेममध्ये कळतं. ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड घ्या, लघुग्रहाच्या पोटात वस्ती जगवायची. सुरुवातीला शेवाळापासून ऑक्सिजन करता. शेवाळ संपत आलं की इलेक्ट्रोलायझर बसवता, पाण्यातून हवाच हवा, सगळे खूश. पण तो ऑक्सिजन बाहेर पडतो निदान ७० अंशांचा. वस्ती हळूहळू तापत जाते. खाण्यासाठी लावलेली ब्रिसल ब्लॉसमची रोपं ३० अंशांच्या वर वाढतच नाहीत. म्हणजे श्वासाचा प्रश्न तुम्ही सोडवलात आणि त्याच उत्तराने पुढे माणसं उपाशी ठेवलीत. कुणी हल्ला केला नाही, नशीबही आड आलं नाही. मागे जाऊन बघितलं तर साखळीतली एकेक कडी दिसते.

गाव वसवायचा बॅनिश्ड तर ल्यूक होडोरोविच या एकट्या माणसाने केलेला, २०१४ चा. सुरुवातीला भराभर घरं बांधली की सगळी तरुण जोडपी एकदम संसाराला लागतात, पोरंही एकदम होतात. ती मोठी होतात तेव्हा त्यांना घरं नसतात, कारण जुन्या घरांत आईबाप आहेत. घर नाही म्हणून संसार नाही, संसार नाही म्हणून पोरं नाहीत. मग म्हातारी पिढी एका लाटेत जाते आणि कोठारं भरलेली असताना गाव ओस पडतं. हे कळलं त्या दिवशी मी खुर्चीतून उठून घरभर फिरत होतो. असं काही एक्सेलमध्ये होत असेल तर मला ती फाइल पाठवा.

आणि ऐपतीचं म्हणाल, तर मोठ्या स्टुडिओला खेळणाऱ्याला हरवायची हिंमत होत नाही. शेकडो जणांचे पगार अडकलेले असतात, गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं तर काय, ही धास्ती. छोट्यांना ती मोकळीक असते. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे दोन भाऊ २००६ पासून ड्वार्फ फोर्ट्रेस हा बुटक्यांचा किल्ला वसवायचा गेम फुकट वाटत होते आणि 'हरण्यातच मजा' हे त्यांचं ब्रीद. झॅकला कॅन्सर झाला, औषधपाण्याच्या खर्चाची भीती बसली, तेव्हा कुठे २०२२ मध्ये विकत घ्यायची आवृत्ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आली. साधी आवृत्ती आजही फुकटच आहे. याला गल्ला भरणं म्हणत असाल तर माझा नमस्कार.

---

बिनसाखर
माझं नाव घेऊन धागा काढलात म्हणून उत्तर देणं भाग आहे.

तुमचं उदाहरण माझाच मुद्दा सिद्ध करतं. रोपांचं तापमान सांभाळणं, शेवाळ किती उरलं ते मोजणं! मी भिवंडीत गोदामावर काम करतो. माल किती, कुठल्या रॅकवर, कुठला आधी संपणार, कुणाची गाडी अडकली, दिवसभर हेच. घरी येऊन पुन्हा कोठारात लाकूड किती उरलं ते बघू? हे तुम्हाला नवलाचं वाटतं, कारण तुम्ही ते पोटासाठी केलेलं नाही. ज्याने केलंय त्याला विचारा.

---

खिसा_रिकामा
मूळ वाद तुमचा चालू द्या, पण अर्ली अ‍ॅक्सेसवर कुणीच का बोलत नाही? अर्धा कच्चा गेम विकायचा, पैसे घ्यायचे आणि 'बनवतोय, बनवतोय' म्हणत वर्षं काढायची. प्रोजेक्ट झोम्बॉइड स्टीमवर नोव्हेंबर २०१३ पासून आहे! स्पेसबेस डीएफ-९ चं काय झालं आठवतंय ना? २०१३ मध्ये मोठमोठी स्वप्नं दाखवून विकायला काढला, २०१४ मध्ये घाईघाईने '१.०' चा शिक्का मारला आणि हात झटकले. तेव्हा माझे पैसे पहिल्या पगारातले होते. कारखाने उभारायचा फॅक्टोरिओ, त्या लोकांची तर आणखी वेगळी तऱ्हा. सेल कधीच नाही, उलट २०२३ मध्ये किंमत ३० डॉलरवरून ३५ केली.

---

पायवाट
@खिसा_रिकामा, स्पेसबेसबद्दल तुमचा राग शंभर टक्के रास्त. पण झोम्बॉइडला त्याच रांगेत उभं करू नका. २०११ मध्ये तो करणाऱ्यांच्या घरी चोरी झाली, कोड असलेले लॅपटॉप गेले, तरी माणसं उभी राहिली आणि आजही काम करताहेत. केन्शी करणारा क्रिस हंट रखवालदाराची नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं एकटा लिहीत बसला, २०१८ मध्ये गेम पूर्ण केला. आणि फॅक्टोरिओचा डेमो फुकट आहे. खेळून बघा, नाही पटला तर एक रुपया गेला नाही.

@बिनसाखर, पोटासाठी मीही आकडेमोडच करतो. म्हणूनच फरक कळतो.

---

केतकी_०७
यादी फारच रुक्ष होतेय म्हणून माझ्याकडून एक. धिस वॉर ऑफ माइन, २०१४. वॉर्सॉच्या ११ बिट स्टुडिओजचा. १९९२ ते ९६ च्या साराएव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. सैनिक नाही, तुम्ही पडक्या घरातली साधी माणसं. दिवसा चूल, पाणी, औषध. रात्री एकाने बाहेर जाऊन मिळेल ते आणायचं. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये हा शाळेच्या पूरक वाचनाच्या यादीत घालायचं जाहीर केलं, म्हणजे बघा.

यात पाव्हले नावाचा फुटबॉलपटू आहे, जोरात पळतो म्हणून रात्री त्यालाच पाठवतात. माझा पाव्हले गोळी लागून मेला. मला इतकं वाईट वाटलं की दिवस उजाडायच्या आत गेम बंद केला आणि ती रात्र पुन्हा खेळले. या वेळी रिकाम्या हाताने, पण जिवंत परत आणला.

---

तिसरी घंटा
मग तुम्ही धिस वॉर ऑफ माइन खेळलाच नाहीत, केतकीताई. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मेलेला माणूस मेलेला राहतो, यावर तो अख्खा गेम उभा आहे. बाकीच्यांचं खचणं, ब्रूनोने काम सोडून बसून राहणं, हे सगळं त्यातून येतं. तुम्ही तेच पुसून टाकलंत.

रिमवर्ल्ड या परग्रहावर वस्ती वसवायच्या गेममध्ये सुरुवातीलाच विचारतात, कधीही मागे जायची मुभा हवी की एकच सेव्ह, म्हणजे मागे जाणं नाही. टायनन सिल्वेस्टरने तो गेम गोष्टी घडवण्यासाठी केलाय, जिंकण्यासाठी नाही. रँडी रँडमने, म्हणजे गेममधल्या लहरी कथाकाराने, ऐन थंडीत धाड पाठवली, तुमचा एकुलता एक डॉक्टर जखमी झाला आणि आता त्याच्यावर स्वयंपाक्याने शस्त्रक्रिया करायची, ही गोष्ट आहे! लोड दाबून मागच्या सेव्हवर गेलात की गोष्ट संपली. बर्फात एकट्याने तगायच्या द लाँग डार्कमध्ये सर्व्हायव्हल मोडला मुळात मेलात की सेव्हच पुसलं जायचं. तसंच हवं. लोड करणाऱ्यांनी सरळ दुसरं काही खेळावं.

---

केतकी_०७
राग मानू नका म्हणायचं आणि मग 'खेळलाच नाहीत' म्हणायचं. वा! मी विकत घेतला, मी रडले, माझ्या लॅपटॉपवर खेळले. तुमची परवानगी लागते हे माहीत नव्हतं.

---

खिसा_रिकामा
ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये लोक सेव्हचा अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवायचे, तेव्हा जुने खेळाडू सगळे संतच होते असं समजू नका. शिवाय कच्च्या गेममध्ये बगने वस्ती बुडाली तर ती पण 'गोष्ट' का? अर्ली अ‍ॅक्सेसचा हा तर सगळ्यात मोठा...

---

तिसरी घंटा
बगसाठी लोड करा, कोण नाही म्हणतं. चर्चा बगची नाही. निर्णय चुकला तर त्याचा भार उचलायचा की नाही, ही चर्चा आहे. फ्रॉस्टपंकमध्ये, म्हणजे बर्फातलं शहर चालवायच्या गेममध्ये, पोरांना कामाला लावायचा कायदा केलात आणि अपघात झाला, तर मागे जाऊन कायदाच नव्हता म्हणायचं? मग तो कायदा समोर ठेवण्यात अर्थ काय?

---

रात्रपाळी
इतके दिवस फक्त वाचत होते. आज लिहितेच.

मी आयसीयूत नर्स आहे. 'निर्णयाचा भार' हे शब्द तुम्ही किती सहज टाइप केलेत. आमच्याकडे पहाटे चार वाजता माणूस जातो तेव्हा आपण काय वेगळं करायला हवं होतं, हे डोक्यात घेऊनच घरी यायचं असतं. आधी नातेवाइकांना बाहेर जाऊन सांगायचं असतं, फॉर्म भरायचे असतात, बेड मोकळा करायचा असतो. पुढचा पेशंट तोवर खाली आलेला असतो.

घरी आले की मी रिमवर्ल्ड लावते. माझ्या वस्तीत एक म्हातारी आहे, तिला प्लेग झाला. औषध कमी, डॉक्टर नवखा. ती गेली. मी लोड केलं. आधी तिला बेडवर झोपवलं, चांगलं औषध तिच्यासाठी राखलं, डॉक्टरला दुसरी सगळी कामं बंद केली. तरी गेली. पुन्हा लोड केलं. शेवटी वाचली. मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या आणि मग मला झोप लागली.

हे खेळणं नाही असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा. ड्युटीवर मला मागे जाता येत नाही. जिथे येतं तिथे मी जाणार.

---

बिनसाखर
रात्रपाळी यांच्या प्रतिसादाला +१००. आणि पायवाट, बघा, त्यासुद्धा कामावरचंच घरी खेळतात. हा माझा मुद्दा होता की तुमचा, हे आता मलाच कळेना.

---

माणदेशी
दोन्ही बाजू पटल्या, पण एक सांगतो.

आमचे वडील ७२ च्या दुष्काळात पंधरा-सोळा वर्षांचे होते. खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. मी टिंबरबॉर्न खेळत होतो तेव्हा मागे येऊन बसले. त्यात माणसं नाहीत, बीव्हर आहेत. ठरावीक दिवसांनी दुष्काळ येतो, झरा आटतो, आधी अडवलेल्या पाण्यावर निभवायचं. मी बांध घालून मोठं पसरट तळं केलं होतं, दिसायला सुंदर. वडील म्हणाले, "येवढं पसरट कशाला रे? निम्मं ऊनच पिणार. खोल घे, तोंड बारीक ठेव."

आणि खरोखर, त्या गेममध्ये पाणी जेवढं पसरलेलं तेवढी वाफ जास्त. माझं तळं दुष्काळ संपायच्या आधी कोरडं पडलं, पिकं वाळली, बीव्हर तहानेने मेले. मी लोड करायला गेलो तर वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नव्यानं मांड." मग डायनामाइट लावून खोल टाकी खणली. पुढचे सगळे दुष्काळ पार पडले.

आमच्याकडे डाळिंबवाल्यांनी बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदाच्या उघड्या शेततळ्यांत भरलंय. जमिनीत सुरक्षित होतं ते उन्हात आणून ठेवलंय. बांधावरून जाताना दर वेळी ते माझं पसरट तळं डोळ्यासमोर येतं. त्या वेळी लोड केलं असतं तर हे डोक्यात बसलं नसतं. म्हणून माझं मत तिसरी घंटाकडे.

---

रात्रपाळी
दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार. ज्याला शिकायचंय त्याने शिकावं. मला झोपायचं असतं.

---

तिसरी घंटा
ठीक आहे. रात्रपाळी यांना माझा आक्षेप नाही. त्यांनी त्या म्हातारीला वाचवलं, बरं केलं. बाकी कुणाला मात्र सूट नाही.

---

केतकी_०७
सूट द्यायला तुम्ही कोण? आणि माझा पाव्हले अजून जिवंत आहे.

---

पायवाट
धागा लोड-सेव्हमध्ये वाहून गेला, तरी मला आनंदच आहे. एका मेलेल्या पात्रावरून तुम्ही लोक इतकं भांडताय, एक्सेलच्या रकान्यावरून कुणी भांडेल का?

@बिनसाखर, तुमचं एक मात्र मान्य करतो. गोदामात दिवस काढलेल्या माणसाला फॅक्टोरिओ सुचवणं चूकच. तुम्ही अगेन्स्ट द स्टॉर्म बघा. एरेमाइट गेम्सचा, तोही पोलंडचा, डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे खिसा_रिकामा यांनाही चालेल. एक वस्ती तास-दीड तासात संपते, जिंकलात काय, हरलात काय, पुढची नवी. वर्षानुवर्षं एकच कोठार सांभाळत बसायचं नाही. आणि हाताने सेव्ह करायची सोयच नाही, तेव्हा ते भांडणही नाही.

---

बिनसाखर
मत बदललेलं नाही, पण तास-दीड तास म्हणताय म्हणून विचारतो. साध्या लॅपटॉपवर चालेल का? ग्राफिक कार्ड नाही. आणि कोठार त्यातही असणारच ना?

---

पायवाट
कोठार आहे, पण सुरुवातीला माल मोजकाच असतो आणि काय बांधायचं ते नशिबाने हाती येणाऱ्या दोन-चार आराखड्यांतून निवडायचं असतं. कार्डाशिवाय अडेल असं वाटतं. स्टीमवर घेतलात तर दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेला असेल तर पैसे परत मागता येतात. शनिवारी रात्री एक वस्ती करून बघा, नाही चालला तर रविवारी परत करा.

---

माणदेशी
ग्राफिक कार्ड नसेल तर बॅनिश्ड घ्या. माझ्या जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतो. फक्त घरं सावकाश बांधा.