माणूस हलला कशाने? तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात मावशीच्या ऑपरेशनसाठी रक्तदाते हवे होते. नातेवाईक-मित्रांच्या दीडशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला. नमस्काराचे हात आले, "पुढे पाठवलंय" असंही बऱ्याच जणांनी कळवलं. दुपारपर्यंत रक्तपेढीत कोणी नाही. मग त्याच ग्रुपमधल्या अकरा जणांना एकेक करून फोन लावला. संध्याकाळच्या आत चौघे हजर. तुम्ही लोकांना कशासाठी बोलावलंत, कसं, आणि कोण आलं, ते सविस्तर लिहा. फसलेलंही लिहा.

* * *

मी सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक होतो. ग्रामसभेची नोटीस फलकावर लागायची, शिपाई दवंडी द्यायचा, "उद्या सकाळी धा वाजता ग्रामसभा हाय हो." कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. तेवढेही जमायचे नाहीत. सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणजे वीसेक जण सगळ्या गावाचं ठरवून मोकळे. एकदा शिपायाला म्हटलं, दवंडीत विषय घाल. "घरकुलाची यादी वाचणार हायती हो." त्या दिवशी बसायला जागा उरली नाही. इतकी वर्षं आम्ही दवंडीला दोष देत होतो, आणि तिच्यात काही सांगतच नव्हतो.

* * *

शिक्षिका आहे. पालकसभेचं छापील पत्रक दप्तराच्या तळाशी चुरगळलेलं सापडतं. मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी घरी गेली की पालक येतात, वडीलसुद्धा.

* * *

2016 साली वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदान करून पाणी अडवायची स्पर्धा, पहिल्यांदा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत आमचा कोरेगाव होता. आमच्याच तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. आमच्या गावात मात्र श्रमदानाला माणसं निघेनात. देवळाच्या भोंग्यावरून न आलेल्यांची नावं वाचली. दुसऱ्या दिवशी आणखी कमी आले, दोन घरांशी बोलणं तुटलं. कृपा करून हे कोणी करू नका. नंतर पोरं आळीआळीने दारात जाऊन "काकू, घमेलं घ्या, चला" म्हणायला लागली. बाया आधी निघाल्या, पुरुष मागून आले.

* * *

मी अंगणवाडी सेविका. पोलिओच्या रविवारी रिक्षाला कर्णा बांधून गावभर पुकारा व्हायचा आणि गावातली लेकरं बूथवर यायचीही. पण जानेवारीत शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या असायच्या. रिक्षा रस्त्यावरून निघून जायची, तोवर ही माणसं पहाटेच फडात गेलेली. दुसऱ्या दिवसापासून घरभेटी. शाईचा पेन आणि थंड डबा घेऊन तिथे गेले. करंगळीला शाई नसलेली सात लेकरं. मुकादमाने ओरडून सांगितलं, तरी आया लेकरं लपवायला लागल्या. मी खाली बसले. चुलीजवळ एक आजी होती, तिला विचारलं, "आज्जे, तुझ्या नातवापासून सुरू करू का?" तिने पोराचं तोंड स्वतः धरलं. मग बाकीच्या आल्या. एक बाई तेव्हाही नाही म्हणाली. संध्याकाळी फडातून परतल्यावर परत गेले, तेव्हा तिने दिलं लेकरू. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा मला ती चूल आठवली.

* * *

फोनचं कौतुक वाचलं, पण मला कमी ऐकू येतं. मी रक्तदाता आहे, मला लिखित निरोपच उपयोगी. त्यात दवाखाना, रक्तगट, कधीपर्यंत हवं आणि कोणाला भेटायचं, एवढं असलं की मी दर तीन महिन्यांनी जायला तयार असतो. प्लेटलेट तर जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून तारखेला फार महत्त्व आहे. एकदा असाच बिनतारखेचा निरोप वाचून रजा टाकली, दोन बस बदलून पोचलो. तो पेशंट बरा होऊन घरी गेल्याला दीड वर्ष झालं होतं. नातेवाईकांनी चहा पाजला, पण त्या दिवशी खरंच ज्याला गरज होती त्याच्यापर्यंत मी पोचलो नाही, हे अजून लागतं.

* * *

हे वाचून माझा निरोप परत काढून बघितला. तारीख नाही. ग्रुपवर आत्ता लिहिलंय की रक्त मिळालं, मावशी घरी आली, आता कोणी पुढे पाठवू नका. ज्यांनी "पुढे पाठवलंय" म्हटलं होतं, त्यांना एकेक करून फोन लावायला घेतलाय.