पुएब्लाला जायचंय पण शेजारी ज्वालामुखी धुमसतोय, जावं का?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी, डिसेंबरात मुलाकडे डॅलसला चाललोय, तिथून सगळ्यांनी मिळून मेक्सिको करायचं ठरतंय. बाकीचे कानकुनचा बीच म्हणतायत, मला जुन्या शहरांची हौस म्हणून मी पुएब्लाचं नाव काढलं, तर मुलाने शेजारच्या पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीचे व्हिडिओ पाठवले, धूर काय, राख काय, आणि आता घरात सगळे नको म्हणायला लागलेत. सासूबाई बरोबर आहेत, त्यांना दमा आहे आणि त्या पक्क्या शाकाहारी. कुणी जाऊन आलंय का? मेक्सिको सिटीतून एका दिवसात उरकतं का मुक्काम करावा? व्हिसाचं पण सांगा.

पंचगंगाकाठ:
जावा की, पण रोजची माहिती बघून जावा. तो डोंगर १९९४ पासून सतत जागाच आहे, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, लोक त्याला प्रेमाने दोन गोयो म्हणतात आणि आपापली कामं करत असतात. सेनाप्रेद म्हणून तिथली सरकारी संस्था आहे, ती सिग्नलसारखा रंग जाहीर करते, हिरवा, पिवळा, लाल. पिवळ्याचा टप्पा दोन हे तिथलं नेहमीचंच, त्याला घाबरू नका. मे २०२३ मध्ये तो पिवळ्याच्या टप्पा तीनवर गेला होता, शाळा बंद, पुएब्लाचं विमानतळ काही दिवस बंद, मेक्सिको सिटीची विमानंसुद्धा काही तास थांबलेली. म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, हे मी कळकळीने सांगतोय.
सासूबाईंसाठी एन-९५ मास्क घ्या, इनहेलर हातातल्या बॅगेत ठेवा. राख पडली तर त्यांना सरळ खोलीत बसवा, खिडक्या बंद, बाहेर फिरवायचंच नाही. ती राख म्हणजे दगडाची बारीक भुकटी असते, डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं. शिवाय शहर २१०० मीटरच्या वर आहे, नुसत्या उंचीनेच धाप लागू शकते, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.
व्हिसा: अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या साईटवर बघून घ्या.

तटाकडील_तालीम:
एका दिवसात उरकायचं असेल तर नका जाऊ भावा, लई अन्याय होतो त्या शहरावर! बस दोन-अडीच तासांची आहे, पण किमान दोन रात्री राहा. १५३१ ला वसवलेलं गाव, भिंतीच्या भिंती टाइल्सने मढवलेल्या. सांतो दोमिंगो चर्चमध्ये रोसारिओचं चॅपल आहे, १६९० चं, आत पाय ठेवला की छतापर्यंत सोन्याचा मुलामाच. पालाफोक्सियाना वाचनालय १६४६ चं, तिथल्या बिशपने स्वतःची ५००० पुस्तकं देऊन सुरू केलेलं. तालावेराची, म्हणजे तिथली रंगवून चकाकी दिलेली मातीची भांडी घ्यायची तर कारखान्यातच बघा, हाताने फिरवून बघा, निळा रंग बोटाला किंचित उठावदार लागतो, आणि तळाशी सही असते.
आणि एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. सतराव्या शतकात भारतातून पळवून नेलेली एक मुलगी गुलाम म्हणून मनिलामार्गे पुएब्लात विकली गेली, कातारिना दे सान हुआन तिचं तिथलं नाव, पुढे लोक तिला संत मानायला लागले, १६८८ ला ती तिथेच वारली आणि कोंपान्यिया चर्चमध्ये तिला पुरलं. ते चर्च चुकवू नका. मी तिथे बराच वेळ उभा होतो, आपल्याकडून कुणी विचारपूस करायला गेलंच नाही तिची असं वाटत राहिलं.

पोळपाट_लाटणं:
सासूबाईंच्या जेवणाचं मी सांगते. मोले पोब्लानो हा तिथला दाट रस्सा आपल्या तांबड्या रश्श्यासारखा झणझणीत नसतो, मिरच्या, सुकामेवा, मसाले आणि थोडं चॉकलेट, चव गोडसर-तिखट, पण बहुतेक ठिकाणी त्यात चिकनचं पाणी असतं. शिजवलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते, तेव्हा प्रत्येक ठिकाणी विचारायचंच: "सिन कार्ने, सिन काल्दो दे पोयो, सिन मांतेका", म्हणजे मांस नको, चिकनचं पाणी नको, चरबी नको. भोपळ्याच्या फुलांच्या केसादिया (चीज भरून दुमडलेल्या भाकऱ्या), निवडुंगाची भाजी, मिरचीच्या पट्ट्या नि चीजचे टाको, हे मिळतं आणि मक्याची भाकरी गरम असली की त्या पोटभर जेवतील. चिलेस एन नोगादा हा भरल्या मिरच्यांचा पदार्थ साधारण जुलै ते सप्टेंबरच्या हंगामातलं, डिसेंबरात त्याची आशा धरू नका, आणि त्यात खिमाही असतो.

राजारामपुरीकर:
खूप आभार सगळ्यांचे, घरच्यांना हे वाचून दाखवलं, आता दोन रात्रींवर आलेत. ज्वालामुखी जवळून बघायचा तर कुठून?

पंचगंगाकाठ:
शिखराकडे जायला बंदी आहे, १२ किलोमीटरच्या आत सोडत नाहीत, कुणी गाईड नेतो म्हणाला तरी जाऊ नका. शेजारच्या चोलुलाला जावा, तिथला पिरॅमिड आकारमानाने जगात सगळ्यात मोठा आणि त्याच्या माथ्यावर स्पॅनिशांनी बांधलेलं चर्च. डिसेंबरात सकाळी लवकर हवा स्वच्छ असते, तिथून अख्खा डोंगर दिसतो. फक्त वर चढ आहे, सासूबाईंना खाली चौकात बसवा.