यूपीआरच्या शिफारशींचा पाठपुरावा सरकारं नेमका कसा करतात?

प्रश्न – ऋतू_विधी
यूपीआर म्हणजे संयुक्त राष्ट्रांत इतर देशांनी एखाद्या देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीचा ठरावीक काळाने घेतलेला आढावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये जिनिव्हात भारताचा असा चौथा आढावा झाला. ३३९ शिफारशी आल्या, त्यांपैकी २२१ सरकारने मान्य केल्या, बाकीच्यांची फक्त ‘नोंद घेतली’. मान्य केलेल्यांचं पुढे काय होतं, याचा हिशेब कोण ठेवतं? काही देशांची यासाठी पोर्टलं आहेत म्हणे, ती कशी चालतात?

उत्तर – कागदपत्र
पॅराग्वेचं ‘सिमोरे’ बघा, २०१४ पासूनचं. यूपीआर, करार समित्या (एकेका मानवी हक्क करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समित्या), विशेष प्रतिवेदक (एकेका विषयावर नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) अशा सगळ्यांच्या शिफारशी एका ठिकाणी आहेत. प्रत्येक खात्यातला नेमलेला अधिकारी आपल्या वाट्याची माहिती भरतो आणि ती कुणालाही पाहता येते. पण सॉफ्टवेअर हा सोपा भाग. खरं काम शिफारस फोडण्याचं. समजा शिफारस अशी आहे: ‘छळविरोधी करार मंजूर करावा, तसा कायदा करावा आणि कोठडीतील मृत्यूंची स्वतंत्र चौकशी व्हावी.’ तक्त्यात याच्या तीन ओळी करायच्या. प्रत्येक ओळीला एकच जबाबदार खातं, मुदत, मोजायचा निकष आणि पुरावा म्हणून जोडायचा कागद. तिन्ही एकाच ओळीत ठेवल्या की एक परिपत्रक निघाल्यावर सगळ्याला ‘अंशतः पूर्ण’ लागतं.

जबाबदारी पदावर टाका, व्यक्तीवर नको. बदली झाली की पासवर्डही जातो आणि संदर्भही. ‘कार्यवाही सुरू आहे’ हा शेरा तर स्वीकारूच नये. तारीख आणि कागद नसेल तर रकाना रिकामा दिसू द्यावा.

उत्तर – सह्याद्री७
वरचंच उदाहरण भारताला लावून बघा. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून नाही. २०१० मध्ये विधेयक लोकसभेत संमत झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला. चारही आढाव्यांत ही शिफारस परत आली.

अडतं कुठे? आढाव्याचा समन्वय परराष्ट्र मंत्रालयाकडे, विषय गृह मंत्रालयाचा, आणि पोलीस राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीत. तेव्हा कोठडीची ओळ शेवटी मुंबईत मंत्रालयातल्या राज्याच्या गृह विभागापर्यंत यायला हवी. राज्यांचा रकाना नसलेला तक्ता दिल्लीतच संपतो, आणि माझ्या मते आपली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

उत्तर – कागदपत्र
मुदतीही सारख्या नसतात. यूपीआर साधारण साडेचार-पाच वर्षांनी येतो, मधला अहवाल ऐच्छिक. करार समित्यांपैकी महिला भेदभाव निर्मूलन समिती निवडक शिफारशींवर दोन वर्षांत उत्तर मागते. मानवी हक्क समिती तर उत्तरांना ए ते ई श्रेणी देते. म्हणून तक्त्यात ‘कुणी केली’ हा रकाना हवाच.

ऋतू, सुरुवात करायची तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर भारताच्या शिफारशींचा विषयवार तक्ता आहे, तो उतरवून घ्या. मग एकेक शिफारस धरून परराष्ट्र मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ते फेटाळलं जातं. ‘ही शिफारस ज्या पत्राने ज्या मंत्रालयाकडे पाठवली, त्या पत्राची प्रत द्या’ असं मागा.